खूण बाईलाच सांगायची

सोनकांबळे बाईंचा मोबाईल नंबर मला अजून तोंडपाठ आहे. बायकोचा नाही, मुलाचा नाही. त्यांचे फोनमध्ये आहेत, बोट लावलं की लागतात. बाईंचा मात्र डोक्यात बसलाय, आणि डोक्यातून काही पुसून टाकायची सोय अजून कुणी काढलेली नाही. आमच्या लातूरच्या शाखेत एक काळ असा होता, की बँकेच्या नावापेक्षा तो नंबर जास्त लोकांना ठाऊक होता. त्या नंबरापायी बाईंची बढती गेली, वर चौकशी बसली, आणि तरीही मरेपर्यंत त्यांना एकच घोर होता, की तो बंद पडता कामा नये. एका बाईच्या फोन नंबरावर काय लिहायचं असं कुणाला वाटेल. वाटू द्या. मी बँकेत कॅशियर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, मला जे आठवतं ते आठवतं.

दिसायला बाई काही खास नव्हत्या. बुटक्या, सावळ्या, केस तेलानं चापून बसवलेले, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. चेहरा असा, की हसल्या तरी कुणी गेल्याचा निरोप घेऊन आल्यात असं वाटावं. बँकेत बाकीच्या सगळ्या मॅडम, ह्या एकट्या बाई. कुणी मॅडम म्हणालं की, "मॅडम तिकडं एसीत बसतेत," म्हणून मॅनेजरच्या केबिनकडं बोट दाखवायच्या. आत बसायचा पुरुष, पण ते जाऊ द्या.

फोन उचलला की हॅलो नाही. "कोण?" एवढंच, आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प. मी एकदा म्हणालो, "अहो, निदान जयभीम, नमस्कार काहीतरी म्हणत जा. माणूस घाबरतं." तर म्हणाल्या, "आधी कोण हाय ते तर कळू द्या पाठक. जयभीम काय पळून चाललाय?"

ह्या "कोण"मागं एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, डबा खाताना, आणि सांगून झाल्यावर उरलेली भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. बाई देवणीकडच्या. शाळेत असताना स्कॉलरशिप मिळाली, ती जमा व्हायला खातं पाहिजे, आणि खात्याला ओळख देणारा जुना खातेदार पाहिजे. त्यांच्या गल्लीत एकाचंही खातं नव्हतं. वडील त्यांना घेऊन बँकेत गेले, तर ज्याच्या शेतात वडिलांनी सालं घातली होती तो मालकच काउंटरला उभा. साहेबानं त्याला विचारलं, या पोरीला ओळखता का. त्यानं वडिलांकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि म्हणाला, "तशी ओळख न्हाई."

"त्याच्या अंगणात वाढले मी," बाई म्हणाल्या. "तशी म्हंजे कशी, ते मला आजवर कळालं न्हाई."

भूकंप झाला तेव्हा मी नुकताच नांदेडहून लातूरला बदलून आलो होतो. सरकारी मदत द्यायची तर ती बँकेतून, बँकेतून द्यायची तर खातं पाहिजे, खात्याला कागद पाहिजेत, आणि कागद दगडांखाली. बाईंना आणि मला जीपमध्ये घालून एका गावाला पाठवलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पत्र्याची शेड, वर पावसाची पिरपिर, फिनेलचा वास आणि त्या वासाखालून येणारा दुसरा वास. मॅनेजरनं बजावून पाठवलं होतं, रेशनकार्ड नसेल तर सरपंचाचा दाखला घ्या. सरपंचच गेलेला.

बाईंनी टेबल मांडलं आणि रांगेला सांगितलं, "कागद जळतोय, भिजतोय, गाडला जातोय. कागदाचं सोडा. तुम्हाला वळखणारी दोन माणसं घेऊन या." त्या दिवशी त्या रांगेत जे चाललं तसं बँकेत मी कधी पाहिलं नाही. माणसं एकमेकांना हाताला धरून पुढं आणायची. ही माझ्या चुलत्याची सून. हा आमच्या आळीचा न्हावी. बोलता बोलता एखाद्याचा आवाज बसायचा, मग दुसरा पुढचं सांगायचा. बाई मान खाली घालून लिहीत होत्या.

शेवटाला एक बाई एकटीच आली. वय तिशीचं असेल, कपाळाला पट्टी.

"कोण?"

"गया."

"कुणाची?"

तिनं कपाळाची पट्टी सारखी केली. "आता कुणाचीच न्हाई," म्हणाली.

"वळखणारं कुणी हाय का ग माय?"

"व्हते की. समदे खाली हायेत."

बाईंनी पेन ठेवलं. "बरं. तुझ्या घराची खूण सांग. तुला सोडून कुणाला मालूम नसंल अशी."

गया वाकली आणि बाईंच्या कानात काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. बाई उठल्या, तिच्याबरोबर त्या दगडांच्या ढिगाऱ्यातून चालत गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. खुर्चीत बसल्या आणि ओळख देणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहून मोकळ्या झाल्या.

मी म्हणालो, "बाई, बँकेच्या माणसाला अशी ओळख देता येत नाही. आणि सह्या दोन लागतात."

"हाव. दुसरी तुम्ही द्या."

दिली. दुसरं काय करणार होतो. कागदावर गयाबाईला ओळखणारी जगात दोनच माणसं राहिली, एक सोनकांबळे बाई आणि एक मी. त्यातली माझी ओळख म्हणजे निव्वळ सही होती.

लातूर शहर भूकंपात तसं फार पडलं नाही. ते हललं नंतर, वेगळ्याच कारणानं. क्लास निघाले. बघता बघता गल्लीगल्लीत होस्टेलं, मेस, अभ्यासिका, आणि खांबाखांबावर पास झालेल्या पोरांचे हसरे फोटो. नापास झालेल्यांचे फोटो कुणी लावत नाही, नाहीतर खांब पुरले नसते. बाईंचे यजमान लवकर वारले, मूलबाळ नाही; भाची प्रज्ञा तेवढी सोबतीला. वरच्या दोन खोल्या त्यांनी क्लासच्या पोरींना दिल्या होत्या. भाडं घ्यायच्या, पण पोरगी रडली की खाली बोलावून पिठलं खायला घालायच्या. भाड्याचा आणि पिठल्याचा हिशेब कधी जुळत नसणार.

त्याच सुमारास बँकेत मोबाईलचं वारं शिरलं. आता खेडोपाडी शाखा काढायची गरज नाही, फोन हीच शाखा, असं जो तो बोलायला लागला. मुंबईहून साहेब लोकांची एक समिती आली. फोनवरच्या बँकेचे नियम कसे असावेत, गरिबाला सोपे आणि चोराला अवघड कसे करावेत, हे विचारायला. प्रश्न चांगला होता, नाही म्हणत नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हाला ओळीनं बसवलं. पडद्यावर एक शेतकरीण फोन हातात धरून हसत होती. तिच्या बोटांची नखं बघून बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हिनं कधी खुरपं धरलं न्हाई."

साहेब सांगत होते, प्रत्येक ग्राहकाच्या मोबाईलवर एक आकडा जाईल, तो आकडा म्हणजेच त्याची किल्ली. बाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, फोन कुणाचा?"

"ग्राहकाचा."

"ग्राहक बाई असली तर?"

"तर तिचा."

"आमच्याकडं फोन घराचा असतोय साहेब. आणि घराचा म्हंजे घरातल्या गड्याच्या खिशातला. तुम्ही बाईच्या तिजोरीची किल्ली तिच्या नवऱ्याच्या खिशात ठेवून राहिले, आणि नाव द्यायले बाईचं."

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "आणि जिला घरच न्हाई तिचं काय करायचं, तेवढं नियमात लिहा," असं म्हणून खाली बसल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. चहा झाला, बिस्किटं झाली, गाड्या गेल्या.

मग हुकूम आला, प्रत्येक खात्याला मोबाईल नंबर जोडा. शंभर टक्के, आणि ताबडतोब. हुकमाला डोळे नसतात. फोन नसलेल्यांचं काय, तर काहीतरी करा. प्रत्येकानं काहीतरी केलं. कुणी दुकानदाराचा नंबर टाकला, कुणी बँकमित्राचा. बँकमित्र म्हणजे गावात आमचं मशीन घेऊन बसणारा पोरगा. माणसानं अंगठा लावायचा आणि त्यानं पैसे द्यायचे. पण जन्मभर माती आणि दगड उचललेल्या बायांचे अंगठे गुळगुळीत झालेले, मशीनला ते दिसतच नसत. बाई गावात गेल्या की बाईमाणसाचा हात हातात घ्यायच्या, अंगठा ओल्या फडक्यानं पुसायच्या, स्वतःच्या पदरावर घासायच्या, फुंकर मारायच्या आणि मशीनवर दाबायच्या. तरी लाल दिवा. "आंधळं हाय मेलं," म्हणायच्या. अंगठा लागला नाही की फोनवर आकडा यायचा, तो मशीनमध्ये घातला की पैसे मिळायचे.

म्हणजे आकडा ज्याच्या फोनवर, पैसे त्याच्या हातात. बाईंना हे दिसत होतं. म्हणून भूकंपाच्या त्या गावातल्या, फोन नसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या खात्यांना त्यांनी एकच नंबर लावला. स्वतःचा.

मी कपाळाला हात लावला. "बाई, हे अंगाशी येईल."

"येऊ द्या. दुसऱ्याच्या अंगाशी येण्यापरीस बरं हाय."

सुरुवातीला त्या आकडा आला की सरळ बँकमित्राला फोन करून सांगून टाकायच्या. खुणेची पद्धत नंतर सुरू झाली, आणि ती ज्या दिवसापासून सुरू झाली तो दिवस मला आठवायला नको वाटतो.

वरच्या खोलीत किनवटकडची एक पोरगी राहायची, रंजना. आई आश्रमशाळेत स्वयंपाकीण. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचं डोक्यात घेतलेलं. अभ्यास करताना खिडकीत बसून मोठ्यानं म्हणायची, खालून जाणाऱ्याला हाडांची नावं पाठ व्हावीत. एक दिवस तिच्या आईला फोन आला. "तुमच्या मुलीच्या क्लासमधून बोलतोय. फीचा घोळ झालाय, सीट चाललीय. तुमच्या फोनवर आकडा येईल तो लगेच सांगा, म्हणजे सीट वाचेल." आईनं विचारलं, रंजूच्या का? तो म्हणाला, हो, रंजूच्याच. नाव तिनंच दिलं आणि तिलाच वाटलं, की हा माणूस माझ्या पोरीला ओळखतो. आकडा सांगितला. सांगितल्यावर वरून "उपकार झाले साहेब" म्हणाली.

खातं धुऊन नेलं. पोलीस झाले, बँक झाली, अर्ज झाले. सगळीकडं एकच उत्तर, आकडा तुम्ही आपणहून सांगितला, नियमात बसत नाही. रंजना त्याच आठवड्यात घरी निघाली. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तिची पत्र्याची पेटी एका कडीला स्वतः धरून स्टँडपर्यंत नेली, गाडीत चढवून दिली. परत येऊन काउंटरला बसल्या आणि मला म्हणाल्या, "ती माऊली ठकवली गेली न्हाई पाठक. तिनं इचारलं, रंजूच्या का? अर्धी गोष्ट बरोबर केली तिनं. पुढची अर्धी आपण शिकवली न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. पदर न लावता तशाच पासबुकं छापत राहिल्या. माझंही त्या दिवशी बेरजेत लक्ष नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी त्या गावच्या विहारात सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्या. गावाकडच्या मारुतीवाल्या आळीतल्यासुद्धा विहारात येऊन बसल्या, हे एक त्या भूकंपानं केलं होतं. मीही होतो.

"हरेकीनं मला एक खूण सांगायची," बाई म्हणाल्या. "कानात. पैसे काढायले गेलीस, अंगठा लागला न्हाई, की माझ्या फोनवर आकडा येतोय. मी दुकानात फोन करीन. 'कोण?' म्हणीन. तू खूण सांगायची. खूण पटली तरच मी आकडा देणार. आणि खूण बाईलाच सांगायची. पोराला न्हाई, दीराला न्हाई, बँकेच्या साहेबाला न्हाई."

"आन् ह्या साहेबाला?" एकीनं माझ्याकडं बोट केलं.

"ह्याला तर बिलकुल न्हाई," बाई म्हणाल्या आणि म्हाताऱ्या खदखदल्या. "चोर लई गोड बोलतोय. म्हणंल, मी बाईचा भाऊ. म्हणंल, बाई दवाखान्यात हाय. म्हणंल, बाई मेली, आता मी हाय तिच्या जागी. बाई मेली म्हणून जो सांगंल तो पक्का चोर. काय करायचं?"

"फोन ठिवायचा," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. शाळेत पाढे म्हणावेत तसं बाईंनी ते त्यांच्याकडून परत परत म्हणवून घेतलं.

मी येताना जीपमध्ये म्हणालो, "खुणा निदान कुठं लिहून तरी ठेवा."

"लिहिली की ती खूण ऱ्हात न्हाई, कागद होतोय," बाई म्हणाल्या.

ही पद्धत बरीच वर्षं चालली. आम्ही जेवायला बसलो की बाईंचा फोन थरथरायचा, त्या हात धुऊन बँकमित्राला फोन लावायच्या, "कोण?" म्हणायच्या आणि कान लावून ऐकायच्या. चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. मग आकडा सांगायच्या, एकेक अंक सुटा. कधी कधी, "तू न्हाईस ती," एवढंच म्हणून फोन ठेवून द्यायच्या. पुढं कळायचं, सून गेली होती सासूचं नाव लावून.

मग मुंबईहून नवा नियम आला. एकच मोबाईल नंबर अनेक खात्यांना असेल तर ती खाती संशयित समजून गोठवावीत. कॉम्प्युटरनं एका सकाळी झाडून सगळी गोठवली. म्हाताऱ्या टमटम करून शाखेत आल्या, पायऱ्यांवर बसून राहिल्या. निराधार योजनेचे पैसे अडकलेले. मॅनेजर घामाघूम. बाईंना आत बोलावलं, दार लावलं, तरी आवाज बाहेर येत होता. आम्ही दोघाचौघांनी ठरवलं, की युनियनकडं जायचं, वर लिहायचं, हा नियमच कसा आंधळा आहे ते दाखवायचं.

बाईंनीच आम्हाला गप्प केलं. "नियम बरोबर हाय," म्हणाल्या.

"अहो, काय बोलता? तुम्ही त्या बायांचं भलं केलंत."

"मी केलं. पण नियमाला माझं तोंड कुठं दिसतंय? माझ्यासारखाच एकच नंबर टाकून एखादा लुच्चा बसला असंल तर तो बी असाच सापडायला पाहिजे. मला वाचवायला नियम मोडला, तर तो बी वाचतोय." मग म्हणाल्या, "फकस्त नियम करणाऱ्यानं एकदा त्या पायऱ्यावर येऊन बसायला पाहिजे होतं. मग त्यानं नियम बी केला असता आन् वाट बी ठेवली असती."

चौकशी झाली. बाईंनी सगळं कबूल केलं, वेतनवाढ थांबली, बढती गेली ती गेलीच. त्या मात्र सुट्टीच्या दिवशी गावात जाऊन एकेकीचा नंबर बदलून आणायला लागल्या. कुणाला नातवाचा दिला, कुणाला स्वतःच्या पैशानं साधा फोन घेऊन दिला आणि हिरवं बटण कोणतं ते शिकवलं. काही म्हाताऱ्या त्यातच गेल्या. शेवटी राहिली एकटी गयाबाई. तिचा अंगठा सिमकार्डाच्या दुकानात लागेना, बँकेत लागेना, कुठंच लागेना. नंबर बदलायला अंगठा पाहिजे, आणि अंगठा असता तर नंबराची गरजच नव्हती. डोळ्याचं बुबुळ दाखवून होतं म्हणे, पण तिच्या डोळ्यात मोतीबिंदू. एका खात्याला एक नंबर, म्हणून कॉम्प्युटरची हरकत नव्हती, खातं सुरू झालं. नंबर बाईंचाच राहिला. त्यांनी फोन घेऊन दिला तर गयाबाईनं परत केला. "मला फोन काहून? मला बाई हाय," म्हणाली.

बाई रिटायर झाल्या, पाठोपाठ मी. मी नांदेडला आलो. बाईंना साखर होतीच, पुढं किडन्या गेल्या. लातूरला कधी गेलो की डायलिसिसच्या खोलीत भेटायचो. एका हातात सुई, रक्त नळीतून मशीनमध्ये चाललंय, आणि दुसऱ्या हातात फोन. नर्स म्हणायची, आजी, फोन बंद ठेवा. बाई तिच्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत.

शेवटच्या भेटीत फार थकलेल्या होत्या. आवाज खोल गेला होता. मला जवळ बोलावलं. "पाठक, रिचार्ज संपला की नंबर काढून घेतेत म्हणे. दुसऱ्याला देतेत."

"हो, काही महिने बंद राहिला की देतात."

"कुणाला देतेत?"

"कुणालाही. क्लासच्या एखाद्या पोराला जाईल."

"मग गयाचा आकडा त्या पोराच्या फोनवर जाईल," म्हणाल्या. "त्याला वाटंल, काय कटकट हाय."

"प्रज्ञा रिचार्ज करत राहील. मी आहे ना. तुम्ही गयाबाईची खूण तेवढी मला सांगून ठेवा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, सांगतात. "तिला इचारते आधी," म्हणाल्या. "तिची हाय ती. मी कशी द्यावी? या खेपेला फोन आला की इचारते."

ती खेप आली तेव्हा बाई नव्हत्या.

सकाळी प्रज्ञाचा फोन आला तसा मी पहिल्या गाडीनं लातूरला गेलो. घरासमोर मांडव, गल्लीत क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली, मांडव बघून पोरं खाली उतरत आणि त्या हातानं धरून नेत. आत बाईंना पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं. मेणबत्त्या लागल्या होत्या, भन्ते येऊन बसले होते, बायका हळू आवाजात त्रिसरण म्हणत होत्या. चष्मा काढल्यामुळं बाईंचा चेहरा ओळखू येईना, कुणी लहान पोरगी झोपावी तसा. उशाशी त्यांचा फोन होता. प्रज्ञा म्हणाली, "शेवटपर्यंत हातात होता, काढवेना, म्हणून तिथंच ठेवला."

मी पायाशी बसलो होतो. फोन थरथरला. त्रिसरण थांबलं. प्रज्ञानं उचलून बघितलं आणि माझ्या हातात दिला. आकडा आला होता.

मी मांडवाच्या बाहेर आलो. त्याच फोनवरून बँकमित्राला फोन लावला. म्हणालो, गयाबाईंना दे. पलीकडं दुकानातली गडबड, मग श्वासाचा आवाज, आणि मग बाईंच्याच थाटात एक शब्द आला.

"कोण?"

"गयाबाई, मी पाठक. बाईंच्या बँकेतला. भूकंपात तुमच्या कागदावर सही केली होती बघा मी."

"बाईला द्या."

उन्हात उभा होतो, हातात तो आकडा, आणि तो काही मिनिटांत मरणार हे ठाऊक. तसाच सांगून टाकावा असं मनात आलं. पण पलीकडं गयाच आहे कशावरून? आणि तिनं खूण सांगितली असती, तरी ती बरोबर की चूक हे मला कुठं कळणार होतं? जाणणारी आत पांढऱ्या कपड्यात झोपली होती. शेवटी म्हणालो, "गयाबाई, बाई गेल्या. आज पहाटे गेल्या. मी त्यांच्या घरूनच बोलतोय. तुम्ही इकडं या, बँकमित्राला म्हणावं गाडी करून दे, मी भागवतो."

मला वाटलं, आता रडेल.

"आसंच सांगतेत," गयाबाई म्हणाली. आवाज शांत होता. "बाईनं सांगितलंय मला. बाई मेली म्हणणारा चोर असतोय."

"अहो गयाबाई, खरंच..."

"तुमच्याकडं तिचा फोन कसा आला ते मला ठाव न्हाई. तिला म्हणावं, गया आलीय. हितंच बसलीय मी दुकानात. तिचा फोन आल्याबिगर उठत न्हाई." आणि शिकवल्याप्रमाणं तिनं फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. बँकमित्र म्हणाला, "काका, ती घेत नाही. फोन बघितला की मान हलवते."

आत बायकांनी शेवटची वंदना सुरू केली होती. प्रज्ञानं विचारलं, "काका, कोण होतं?" मी आत गेलो. फोन पुन्हा थरथरला, नवा आकडा आला. मी तो बाईंच्या उशाशी होता तसा ठेवला. काच थोडा वेळ उजळलेली राहिली, तिचा उजेड बाईंच्या गालावर पडला होता. मग तीही विझली, आणि चौघं जण पुढं झाले.